मणक्यातला गॅप आणि मनातली भीती

परवा वडगावात एका बारशाला गेले होते. जेवणासाठी टेबलं-खुर्च्या मांडल्या होत्या आणि आतल्या खोलीत हौसेनं एक पंगतही घातली होती. पण पंगतीला बसायला कुणी तयार होईना. एकीनं कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "मला खाली बसायला बंदी आहे, मणक्यात गॅप आलाय." दुसरी म्हणाली, "मला तर दोन ठिकाणी आहे." तिसरीनं साडीखाली बांधलेला पट्टा चाचपून दाखवला. सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. शेवटी पंगतीला बसलो ते पंचाहत्तरीच्या एक आजी, पोरंसोरं आणि मी.

"बाई, तुमचीही कंबर दुखायची ना? मग खाली कशा बसता?" एकीनं विचारलंच. पानावर बसून देता येण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून आजचा हा लेख.

आधीच सांगते, मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पण या दुखण्यानं माझी तीन वर्षं खाल्ली आणि त्यातून बाहेर येताना जे कळलं ते आधी कुणी नीट सांगितलं असतं तर निदान दोन वर्षं वाचली असती, असं राहून राहून वाटतं.

सुरुवात अगदी साधी होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. आठवडाभर पडून राहिले. थोडं बरं वाटलं, पण पूर्ण गेलं नाही. महिन्याभरानं एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये झीज, गादी बाहेर आलेली, गॅप कमी झालेला, असं बरंच काही होतं. एका दवाखान्यात फिल्म उजेडासमोर धरून मला सांगण्यात आलं, "कणा आता नाजूक झालाय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, प्रवास टाळायचा." पट्टा आला, ट्रॅक्शनचे दहा दिवस झाले, गोळ्या आल्या.

मी आज्ञाधारक रुग्ण. सगळं पाळलं. आणि सहा महिन्यांत अशी अवस्था झाली की नळाखालची कळशी उचलवेना, भाजी निवडायला बसवेना, वर्गात अर्धा तास उभं राहिलं की घाम फुटायचा. सासूबाई मायेनं म्हणायच्या, "राहू दे गं, मी करते." त्यांचं वय त्या वेळी एकाहत्तर. त्या वाकून अंगण झाडायच्या आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसून बघायची. नोकरी सोडावी का, असा विचार त्याच दिवसांत सुरू झाला होता.

कंबरदुखी ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामावाचून आणि हौसेवाचून बसवणाऱ्या दुखण्यांत जगभरात पहिला क्रमांक कंबरदुखीचाच लागतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट दुखणं म्हणतात. आणि त्यातलं महत्त्वाचं हे, की दहातल्या साधारण नऊ जणांच्या कंबरदुखीमागे अमुक एक मोडतोड किंवा आजार दाखवता येत नाही.

मग तो गॅप, ती झीज? ती खोटी का? खोटी नाही, पण तिचा अर्थ आपण चुकीचा लावतो. आपल्या कण्यात हलणारे चोवीस मणके आहेत आणि दोन मणक्यांच्या मध्ये पाणीदार, चिवट गादी आहे. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते, थोडी फुगते. केस पिकावेत, चेहऱ्यावर सुरकुत्या याव्यात, तसंच. शिवाय ही गादी मणक्यांना घट्ट जोडलेली असते. "गादी सरकली" असं आपण सहज म्हणतो, पण ओल्या साबणाच्या वडीसारखी ती कधी सरकत नाही. बाहेर आलेला तिचा भागही पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या ३३ अभ्यासांतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. चाळिशीतल्या ६८ टक्क्यांना ती होती आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांना. गादी फुगलेली असणं तर चाळिशीत निम्म्या लोकांत आढळलं. पुन्हा सांगते, यांतल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती. म्हणजे त्या दिवशी बारशाला आलेल्या, धडधाकट चालणाऱ्या सगळ्यांचे एमआरआय काढले असते तर त्यातल्या निम्म्या तरी "गॅपवाल्या" निघाल्या असत्या. पंगतीतल्या आजींचा रिपोर्ट तर वाचवला नसता! त्यांचं नशीब एवढंच, की त्यांना तो कुणी वाचून दाखवलेला नाही.

तुम्ही म्हणाल, मग दुखतं ते काय खोटं? मुळीच नाही. दुखणं शंभर टक्के खरं असतं. "तिला काही झालेलं नाही, नाटकं आहेत" असं ज्या सुनेला ऐकावं लागतं तिचे हाल मी समजू शकते. पण दुखणं खरं असणं ही एक गोष्ट आणि शरीर मोडलेलं असणं ही दुसरी. या दोन गोष्टी नेहमी बरोबर जातातच असं नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे मज्जासंस्थेचे अभ्यासक, या दोघांनी वेदनेविषयी एक सिद्धांत मांडला. इजेची वर्दी मेंदूपर्यंत जशीच्या तशी पोचत नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं, ते वेदनेला कमी-जास्त वाट देतं, आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते दार उघडतात किंवा लोटतात, असं त्याचं सार. पुढच्या संशोधनानं त्याचे तपशील बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. काळजी, अपुरी झोप, एकटेपणा आणि भीती यांनी वेदना वाढते. विश्वास, हालचाल आणि कामात गुंतलेलं मन यांनी ती उतरते.

घरात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं त्यानंतर प्रत्येकावर भुंकायला लागतं. दूधवाल्यावर भुंकतं, पोस्टमनवर भुंकतं, घरच्याच पोरावरही भुंकतं. भुंकणं खरं असतं, चोर मात्र नसतो. जुनाट कंबरदुखीत मज्जासंस्थेचं असंच होतं. पहिली इजा काही आठवड्यांत भरून येते, पण पहारा चढाच राहतो. आणि आपण घाबरून वाकणं, उचलणं, बसणं सोडलं की स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात, पुढच्या वेळी थोड्याशा हालचालीनंही दुखतं आणि भीती आणखी वाढते. भीतीमुळे टाळणं आणि टाळण्यामुळे भीती वाढणं, हा फेरा मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. स्वतःच्या कंबरेच्या बाबतीत तो मला दिसला नाही.

पडून राहण्याचा सल्ला एके काळी डॉक्टरही सर्रास देत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि बाकी तब्येतीत काहीच उणं पडलं नाही. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. नुकतीच पाठ धरलेल्या काहींना अंथरुणावर ठेवलं, काहींना व्यायाम दिला आणि काहींना सांगितलं, सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. हे तिसरेच सर्वांत लवकर बरे झाले. झोपायला फळीच हवी हाही आपल्याकडचा जुना समज. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ जुनाट कंबरदुखीवाल्यांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन पाहिलं, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखण्याची नीट माहिती समजावून देणं, व्यायाम, मसाजसारखे काही उपचार, भीती आणि विचार यांवर काम करणारे मानसोपचार आणि गरजेपुरती सूज-वेदनाशामक औषधं, हे त्यात सुचवलेलं आहे. नेहमीच्या वापरासाठी जे सुचवू नये म्हटलं आहे त्यात कमरेचे पट्टे आहेत आणि ट्रॅक्शनही आहे. हे वाचलं तेव्हा मी कपाटातल्या माझ्या पट्ट्याकडे बघत बसले. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यामुळे डॉक्टरांनी पट्टा दिला आहे त्यांनी मात्र तो माझं ऐकून सोडू नये. त्यांची गोष्ट वेगळी.

माझी वाट बदलली ती एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. तिनं फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅडम, काय करता येत नाही म्हणून सगळ्यात वाईट वाटतं?" मी म्हटलं, "गौरीच्या वेळी खाली बसून मोदक करता येत नाहीत." ती म्हणाली, "मग तेच शिकू. थोडं दुखेल. पण दुखलं म्हणजे काही तुटलं, असं समजू नका."

तिनं वही घालायला लावली. पहिला नियम, बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही आणि दुखलं म्हणून सोडायचं नाही. आम्ही बहुतेक बायका नेमकं उलट करतो. एक दिवस बरा गेला की साठलेले कपडे, जाळी-जळमटं, डबे घासणं सगळं उरकतो आणि पुढचे चार दिवस झोपून काढतो. मी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढ. तीन महिन्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सलग अर्धा तास चालू लागले. वाकण्याचंही तसंच. आधी रिकामी बादली, मग पाव, मग अर्धी. बसण्याची सुरुवात पाटावर, भिंतीला टेकून, दोन मिनिटांनी. मध्ये दोनदा कंबरेनं पुन्हा उसळी खाल्ली. तेव्हा दोन दिवस मोजमाप निम्म्यावर आणलं, शून्यावर नाही.

चालण्याचा गुण नुसता माझ्या अनुभवातला नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या सुमारे ७०० जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्याची सवय लावली. न चालणाऱ्या गटात दुखणं पुन्हा उलटायला मध्यमानानं ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. योगासनं केली तरी चालतील, पोहलं तरी चालेल. अमुक एकच व्यायाम रामबाण आहे असं दिसलेलं नाही. जो रोज होईल आणि आवडेल तो खरा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस घ्यावी. दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना ती बाधते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसाला सोपं आहे. खानापूरकडे आषाढात चिखलात दिवसभर वाकून रोपलावणी करणाऱ्या बाईला "जरा चालत जा" असं सांगणं म्हणजे तिची चेष्टा. मागावर दहा-बारा तास काढणाऱ्याचंही तेच. तिथे हालचाल कमी नाही, एकाच प्रकारची आणि विसाव्यावाचून आहे. त्यांना हवा तो कामातला बदल. तासाभरानं दोन मिनिटं ताठ उभं राहणं, मागे वाकणं, लावणी करणारीनं मधून रोपांच्या पेंढ्या पोचवण्याचं काम घेणं, आणि रात्रीची पुरेशी झोप. हे मालकानं आणि घरच्यांनीही समजून घ्यायला हवं. नुसत्या त्या बाईला सांगून भागणार नाही.

आणि दुसरी बाजू. "काही नसतं, चालत राहा" हेही सरसकट म्हणून चालत नाही. आमच्या कॉलेजातले एक मामा वर्षभर पाठ चोळून घेत होते. बाम झाला, तेल झालं, हाडवैद्य झाले. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं, रात्री झोपेतून उठवणारी कळ यायची. हे सगळं आम्ही रोज बघत होतो आणि "वय झालं मामा" म्हणत होतो. निघाला मणक्याचा क्षय. तोवर पायातली शक्ती कमी व्हायला लागली होती. सरकारी योजनेतली औषधं मोफत मिळाली, वर्षभर घेतली, आता ते हिंडतात-फिरतात. पण पाय थोडा ओढावा लागतो. त्या पायाकडे बघितलं की मला आमच्या "वय झालं"ची लाज वाटते.

म्हणून ही यादी कापून फ्रिजवर लावली तरी चालेल. पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा रात्री पडूनही न थांबणारी कळ असेल. पूर्वी कॅन्सर झालेला असेल. बरेच दिवस स्टेरॉइडची औषधं चालू असतील. पडल्या-आपटल्यावर दुखू लागलं असेल किंवा पाळी गेलेल्या, वयस्क बाईला साध्या धक्क्यानंही अचानक कळ आली असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा लघवी अडली, बैठकीची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट न बघता त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावं. यातलं काही नसेल, तर मात्र रिपोर्टातल्या शब्दांना घाबरून अंथरूण धरू नये.

घरच्यांसाठीही दोन शब्द. माझ्या बाबतीत "नाटकं आहेत" असं कुणी म्हणालं नाही. उलट प्रत्येक काम हातातून काढून घेतलं. त्या मायेनंही मी हळूहळू अपंग होत गेले. सासूबाईंना मी एक दिवस सांगितलं, "आई, मला थांबवू नका, सोबत करा." त्यांना पटायला वेळ लागला. मग त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला यायला लागल्या. पुढे पुढे तर मीच कंटाळा केला की चप्पल घालून दारात उभ्या राहायच्या.

कंबर आजही अधूनमधून दुखते. पावसाळी दिवसांत, पेपर तपासणीच्या महिन्यात, झोप झाली नाही की दुखतेच. फक्त आता ती दुखली की मी घाबरत नाही. गेल्या गौरीला एकवीस मोदक खाली बसून केले. मध्ये तीन वेळा उठले, दोन चकरा मारल्या, पुन्हा बसले. बारशाच्या पंगतीतही तेच केलं. आमटी वाढायच्या निमित्तानं उठले आणि परत येऊन पानावर बसले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.